तिरुवर्कचा तंबू

आमच्या इद्दिरकडे इतका पैसा पूर्वी कधीच नव्हता. हे मी अभिमानानं सांगत नाही.

इद्दिर म्हणजे गल्लीची मयतीची मंडळी. कोणाच्या घरी माणूस गेलं की आम्ही त्याच्या दारात तंबू ठोकतो, बाकं मांडतो, घुगऱ्या शिजवतो आणि तीन दिवस त्या घरच्यांजवळ बसतो. खरं काम बसण्याचंच. बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी. जो येणार नाही त्याला दंड. आमच्या उमेदीच्या काळात हा दंड अगदीच किरकोळ होता, पण तो भरायला येणारा माणूस मान खाली घालून यायचा, कारण गल्लीभर बोभाटा व्हायचा. माझ्या नवऱ्याला, मेंगेशाला, रेल्वेतल्या पाळीमुळे आयुष्यात एकदाच दंड भरावा लागला. त्यानंतर कितीतरी दिवस तो मागच्या बोळातून घरी येत होता.

मेंगेशा गेला, मूलबाळ नव्हतं, वेळ भरपूर होता, आणि मी इद्दिरची प्रमुख झाले. बाईमाणूस प्रमुख म्हणून म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली. पण माझ्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. कोणी सर्दीची सबब सांगितली तर मी त्याच्या घरी जाऊन नाक बघून यायची. माझ्या कारकिर्दीच्या त्या वर्षांत एकही तंबू रिकामा राहिला नाही.

मग गल्लीत काचेच्या इमारती आल्या. सरकारी भाड्याची मातीची घरं एका बाजूनं पाडत आले आणि दुसऱ्या बाजूनं सहा-सहा मजले चढवत आले. जे गेले ते इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेल्या पिठाची भाकरी, भाजणारे, चपला शिवणारे, टॅक्सीवाले, विधवा. जे आले त्यांच्याकडे गाड्या होत्या, गाड्यांना पहारेकरी होते, आणि पहारेकऱ्यांनाच आमची नावं ठाऊक होती. कोणी परदेशातून परतलेला, कोणी बाहेरून माल मागवणारा, कोणी बड्या कचेरीतला. माणसं वाईट नव्हती हो. इद्दिरमध्येही आली, कारण अदिस अबाबात इद्दिर नसलेला माणूस म्हणजे बेवारस. पण बसायला कोणी येईना. दंड भरायला मात्र एकेकाचा हात सढळ.

मी सभेत म्हटलं, दंड दुप्पट करू. केला. हसत भरला. चौपट केला. तोही भरला. आमचा चिटणीस नाहोम, बँकेतला पोरगा, तिसऱ्या मजल्यावर राहतो, सगळ्यांसारखाच मला इत्ये, म्हणजे मोठी ताई, म्हणतो, तो तर म्हणाला, "इत्ये, वर्षाचा दंड एकदम आगाऊ घ्यायची सोय केली तर? लोकांना बरं पडेल."

"आणि मरायचं कधी, तेही आगाऊ कळवतील का?" मी विचारलं.

तो हसला. पोरगा तसा गोड आहे.

त्या पैशातून नवा पांढराशुभ्र तंबू आला. हिरव्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पूर्वी पहाटे शिंग फुंकत, मेलेल्याचं नाव पुकारत एक माणूस गल्लीतून फिरायचा. तो गेल्यावर इद्दिरला मोबाईल आला, आणि आता निरोपही त्यावरून जातो, दंडही त्यावरच येतो. मोबाईल माझ्याकडे असतो. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण दंड आला की तो टिंग करतो एवढं कळतं.

तिरुवर्क माझ्या समोरच्या घरात राहायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून. ती इंजेरा भाजून विकायची, आणि तिच्या चुलीचा धूर थेट माझ्या घरात यायचा. त्या धुरावरून आम्ही इतक्या भांडलो की बघणाऱ्याला वाटावं, या दोघी एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. आणि रोज दुपारी तिच्याकडे नाहीतर माझ्याकडे कॉफी. एक फेरी नाही, दोन नाही, तिन्ही फेऱ्या पुऱ्या. मेंगेशाच्या वेळी तिनं तीन दिवस चूल पेटवली नाही, माझ्या शेजारी बसून राहिली. तिचा मुलगा एर्मियास माझंच बोट धरून चालायला शिकला, आणि मोठा होऊन टोरोंटोला गेला.

माझं घर मालकीचं, म्हणून अजून वाचलं होतं. तिचं सरकारी भाड्याचं. तिला कोयेला सदनिका मिळाली, शहराच्या पार बाहेर, चौथ्या मजल्यावर. सामान ट्रकवर चढलं तेव्हा ती इंजेऱ्याचा मोठा तवा पोटाशी धरून माझ्या पायरीवर बसली होती.

"तिथं मला काळं कुत्रं विचारणार नाही, अरेगाश," ती म्हणाली. "मी गेले की तंबू इथंच घाल. माझ्या दारात."

"दार राहील तर ना. उद्या पाडतायत."

"दाराच्या जागी घाल मग. शब्द दे."

"तू आधी जाणार हे तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या तोंडाला मरणसुद्धा भितं," ती म्हणाली. "दे शब्द."

मी दिला. तिच्या घराच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात.

सुरुवातीला ती दर आठवड्याला यायची, दोन बस बदलून. गल्लीतल्या प्रत्येक तंबूत हजर. तिला बघून मी काचवाल्यांना टोमणे मारायची, की कोयेहून माणूस येतं आणि तुम्हाला जिना उतरवत नाही. मग ती पंधरवड्यानं येऊ लागली. मग महिन्यानं, गेब्रिएलच्या दिवशी, चर्चला आली की. आली तरी घड्याळाकडे बघायची. मला ते खपायचं नाही.

"एकदा ये की तिकडे," ती म्हणायची.

"मला जिने चढवत नाहीत."

"मी चढते ना? तुझ्याहून मोठी आहे."

"तुला हौस आहे."

"खाली फोझिया म्हणून एक आहे. तिनं काय केलं माहितीये..."

"कोण फोझिया?"

"तेच तर सांगतेय."

"नको सांगूस. चार दिवसांची ओळख."

"आपलीही कधीतरी चार दिवसांचीच होती गं बाई," ती म्हणायची आणि कप पुढे करायची.

गुडघे दुखतात ते खरं, पण गुडघ्यांसाठी मी कधी कुठे जायची राहिले नव्हते. मला तिचा राग आला होता. ती गेली यात तिचा दोष नव्हता हे मला कळत होतं, आणि तरी राग होता. दीड वर्षात मी एकदाही कोयेला गेले नाही.

शेवटच्या गेब्रिएलच्या दिवशी ती नेहमीसारखी चर्चहून माझ्याकडे आली. मी कॉफी भाजली, कुटली, उकळली. दुसऱ्या फेरीनंतर म्हणाली, "जरा आडवी होते." मी म्हटलं, हो. तिचा श्वास वेगळा लागला तेव्हा मी धावत समोरच्या पहारेकऱ्याला हाक मारली, त्यानं टॅक्सी आणली. संध्याकाळी इस्पितळात तिनं प्राण सोडला. माझा हात तिच्या हातात होता, एवढं मला देवानं दिलं.

नाहोमनं एर्मियासला फोन लावला. मग मला म्हणाला, "इत्ये, त्यांचं घर तर कोयेला आहे. तंबू तिथं नको का?"

"तिथं तिचं कोण आहे?"

"नाही, मी आपलं विचारलं."

"तू आपलं निरोप टाक. तंबू इथं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला गेब्रिएलच्या आवारात माती दिली. धर्मगुरू होते, चर्चमधले काही जुने चेहरे होते. तिथून मी थेट तंबूत आले. भाड्याच्या माणसांनी तो ठोकला होता, गाड्यांच्या फाटकासमोर, बरोब्बर तिच्या दाराच्या जागी. हिरव्या खुर्च्या रांगेत. घरच्या माणसांची जागा समोर असते, येणारा त्यांच्याजवळ जाऊन रडतो. घरचं कोणी नव्हतं, म्हणून त्या जागी मी बसले, नेतेल्याची, अंगावरच्या पांढऱ्या ओढणीची, किनार तोंडाशी घेऊन, जशी सुतकात घेतात तशी.

मोबाईल टिंग वाजला. मग पुन्हा. जेवणाच्या वेळेला तर लागोपाठ वाजत राहिला. प्रत्येक टिंग म्हणजे एक माणूस येणार नाही. पूर्वी शिंग वाजलं की दारं उघडायची. मला तो मोबाईल बंद करता येत नव्हता, म्हणून मी त्याच्यावर उशी ठेवली, तर तो उशीखालून वाजायला लागला.

अगदीच कोणी आलं नाही असं नाही. नाहोम बँकेत जायच्या आधी टेकून गेला. आणि गाशे लेम्मा आले, आमच्यातले शेवटचे जुने. त्यांना ऐकू येत नाही. ते शेजारी बसले आणि बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "कोण गेलं?"

"तिरुवर्क," मी ओरडून सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "बोलव तिला, तिला फार वाईट वाटेल."

मी त्यांच्या हातात घुगऱ्यांची वाटी दिली. काय सांगणार.

तेवढ्यात एक मोठी गाडी तंबूशी थांबली. काच खाली झाली. आत पाचव्या मजल्यावरचा माल मागवणारा.

"इत्ये, सांत्वन असो. हा तंबू कधी निघेल? गाडी वळत नाहीये."

"तीन दिवसांनी."

"पण मी दंड भरलाय."

"तो न बसण्याचा, बाळा. तंबू काढायचा नाही."

तो ओशाळला बिचारा. माफ करा म्हणाला आणि उलट्या दिशेनं गाडी काढत गेला.

दुसऱ्या दिवशी लेम्मांचीही तब्येत बरी नव्हती. घुगऱ्यांचं पातेलं तसंच भरलेलं. मी मोजून माणसं उभी करणारी बाई, आणि मी माझ्या स्वतःच्या मैत्रिणीच्या तंबूत एकटी. शब्द पाळला होता मी. पाळलेला शब्द इतका रिकामा दिसतो हे मला माहीत नव्हतं. दुपारी टिंग वाजलं. नाहोम जेवायला घरी आला होता, त्याला म्हटलं, बघ कोण. त्यानं बघितलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"वाच की."

"एर्मियास आहे, टोरोंटोहून. लिहिलंय, येणं जमत नाही, तिन्ही दिवसांचा दंड पाठवतोय, मला माफ करा."

एर्मियासचे तिथले कागद अजून झालेले नाहीत, बाहेर पडला तर पुन्हा आत घेणार नाहीत. तिरुवर्कनंच मला सांगितलं होतं. म्हणून त्याला काही बोलायची सोय नव्हती. पण इद्दिरच्या नियमांत मुलासाठी दंड नाही. तो ठरवावा असं आमच्यातल्या कोणाला कधी सुचलंच नव्हतं. "परत पाठव," मी नाहोमला सांगितलं, आणि मग इतका वेळ कोरडी बसलेली मी रडायला लागले. नाहोम माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं त्याला बँकेत जायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तंबूच्या तोंडाशी दोन बायका आल्या. एक ठेंगणी, डोक्यावर घट्ट रुमाल बांधलेली, हातात कापडात गुंडाळलेलं पातेलं. दुसरी उंच, सुतकातल्यासारखी किनार तोंडाशी. दोघी चपला काढून आत आल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. माणसं शोधत असाव्यात.

"तिरुवर्कचा तंबू हाच का?" उंच बाईनं विचारलं.

"हाच."

"तुम्ही इत्ये अरेगाश," ठेंगणी म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "मी फोझिया. ही मिन्तिवाब. आम्ही कोयेहून आलो. आम्ही तिकडे बसलोय, परवापासून."

"कुठे बसलाय?"

"त्यांच्या दारात. म्हणजे खाली, जिन्याच्या तोंडाशी. वर मावेनात म्हणून."

"कोण मावेनात?"

"लोक," फोझिया म्हणाली.

मला कळेना. मी त्यांना बसायला सांगितलं. फोझियानं पातेलं मांडीवरच ठेवलं. ती म्हणाली, "एर्मियासचा फोन आला. आई गेली म्हणाला आणि नुसता रडत राहिला. आम्ही कुठे, काय, विचारलंच नाही. वाटलं, घरी आणतील. दुसरीकडे कुठे नेणार? ताडपत्री बांधली, घुगऱ्या लावल्या आणि वाट बघत बसलो. कोणी आलंच नाही. काल त्यालाच पुन्हा फोन केला, तेव्हा ही गल्ली कळली."

"माती द्यायलाही आम्हाला मिळालं नाही," मिन्तिवाब म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "असं कोणी करतं का, इत्ये? आमच्या बाईला तुम्ही परस्पर पुरून टाकलंत."

माझ्याशी इतक्या चढ्या आवाजात कोणी बोललेलं मला आठवत नाही.

"तिनंच सांगितलं होतं," मी कसंबसं म्हटलं. "तंबू इथं घाल म्हणून."

"कधी?"

"निघाली त्या दिवशी."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फोझिया हळू आवाजात म्हणाली, "हो, तेव्हा म्हणाल्या असतील."

मग तिनं सांगितलं ते असं, की तिकडे अजून दोनशे माणसं ताडपत्रीखाली बसली आहेत, आणि त्यांच्यासमोरची घरच्या माणसांची जागा रिकामी आहे. रडायचं कोणाजवळ? एकमेकींच्या गळ्यात पडून किती रडणार? "तुम्ही चला," ती म्हणाली. "तिचं म्हणून कोणीतरी समोर बसायला हवं."

मी हिरव्या खुर्च्यांकडे बघितलं. समोरच्या पहारेकऱ्याला तंबूकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. बसमध्ये मला दोघींच्या मध्ये बसवलं, वळणावर मी कलंडू नये म्हणून. वाट संपता संपेना. एवढी वाट ती महिन्याच्या महिन्याला येत होती, माझे टोमणे खायला. काहीतरी बोलायचं म्हणून मी सवयीनं विचारलं, "तुमच्याकडे न येणाऱ्याला दंड किती?"

"दंड नाही," फोझिया म्हणाली. "इत्ये तिरुवर्कनी ठेवूच दिला नाही. म्हणाल्या, दंड ठेवला की लोक दंड भरतात. जो येणार नाही त्याच्या दारात जायचं आणि हाताला धरून आणायचं."

"ती असं म्हणाली?"

"आमच्या इद्दिरच्या प्रमुखच ना त्या. त्यांनीच तर सुरू केलं. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

"नाही," मी म्हटलं. मग खिडकीकडे तोंड केलं. कितीदा सुरुवात केली असेल तिनं, आणि कितीदा मी म्हटलं असेल, नको सांगूस.

एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या रांगा लागल्या. त्यातल्या दोन इमारतींमध्ये निळी ताडपत्री ताणलेली होती, एका कोपऱ्यात फाटकी. खाली स्टुलं, पाण्याचे उपडे डबे, विटा, एक दुकानातला बाक. मिळेल त्यावर माणसं बसली होती. इंजेरा भाजणाऱ्यांचे भाजलेले हात मला लांबून ओळखू आले. आमच्या गल्लीतल्यासारखे चेहरे, पण एकही आमच्या गल्लीतला नाही. फोझियानं पुढे जाऊन काहीतरी सांगितलं, आणि सगळे उठले.

मला त्या रिकाम्या जागी बसवलं. मग एकेक बाई येऊ लागली, माझ्या गळ्यात पडू लागली, छाती पिटू लागली. कोणी म्हणत होती, माझ्या बाळंतपणात रात्रभर जागली. कोणी म्हणत होती, माझ्या दारुड्याला तिनं जिन्यावरून ढकलून दिलं. मी ती सगळी तिरुवर्क पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचे अश्रू माझ्या मानेवर पडत होते आणि मी हुंदके देत होते, आणि मध्येच मला असं वाटत होतं की मी कोणा दुसऱ्याच बाईच्या सुतकाला आले आहे.

गर्दी जरा ओसरली. कोणीतरी माझ्या हातात कॉफी दिली. एक खूप म्हातारी बाई काठी टेकत उशिरा आली, माझ्या शेजारच्या विटेवर बसली, माझा हात हातात घेऊन पुष्कळ रडली. मग नाक पुसून तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?" तिनं विचारलं.

"शेजारीण," मी म्हटलं.

"असं का? कुठल्या मजल्यावरच्या?"